मेंदूचे प्रतिमांकन : रक्तप्रवाहाची साक्ष

मेंदूचा जो भाग कार्यरत होतो तेथील रक्तपुरवठा वाढतो, हा विचार रॉय व शेरिंग्टन यांनी १८९० मध्ये मांडला. १९८६ मध्ये फॉक्स व रायकल यांना उद्दीपनानंतर रक्तप्रवाह सुमारे २९ टक्के, प्राणवायूचा वापर मात्र ५ टक्केच वाढलेला आढळला. ओगावा यांनी १९९० मध्ये दाखविलेला चुंबकीय संकेत या शिल्लक प्राणवायूवरच अवलंबून असतो. म्हणजे यंत्र पाहते ते रक्त, चेतापेशी नव्हेत. लोगोथेटिस व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये माकडांच्या मेंदूतील दृष्टिकेंद्रात विद्युत्‌ व चुंबकीय नोंदी एकाच वेळी घेतल्या. संकेताचा मेळ पेशींच्या बहिर्गामी स्पंदांपेक्षा तेथे येणाऱ्या संदेशांशी व स्थानिक प्रक्रियेशी अधिक बसला. अंतर अर्थात थोडेच होते. तरीही रंगीत ठिपक्यावरून 'हा भाग आज्ञा देतो' असे विधान करण्यास त्यातून आधार मिळत नाही.