ठिगळ येईपर्यंतचे नऊ दिवस

#थ्रेड

२७ डिसेंबर २००५. युरोप-अमेरिकेतील बहुतेक कार्यालये नाताळच्या सुट्टीत होती, आणि नेमक्या त्याच दिवशी संगणक-सुरक्षेच्या वर्तुळात एक बातमी पसरू लागली. विंडोजच्या संगणकावर नुसते एक चित्र उघडले, तरी त्या संगणकाचा ताबा परक्याच्या हाती जाऊ शकत होता. या त्रुटीवर पॅच नव्हता. तो येईपर्यंत लोकांनी काय केले, त्याची ही गोष्ट.

हे चित्र 'डब्ल्यूएमएफ', म्हणजे विंडोज मेटाफाईल या प्रकारचे. साध्या छायाचित्रात रंगांचे ठिपके साठवलेले असतात. मेटाफाईलमध्ये मात्र 'इथे रेषा ओढ, तिथे रंग भर' अशा आज्ञांची यादी असते. त्यांतलीच एक आज्ञा म्हणजे 'सेटअबॉर्टप्रॉक'. छपाई मध्येच रद्द करायची झाल्यास कोणता कोड चालवायचा, हे ती ठरवून देई.

आता हे विचित्र वाटते, पण १९९० च्या सुमारास त्यात तथ्य होते. विंडोज ३ च्या काळात एक प्रोग्रॅम आपणहून थांबेपर्यंत दुसऱ्याला वाव मिळत नसे, त्यामुळे लांबलेल्या छपाईतून सुटण्याची वाट ठेवणे गरजेचे होते. शिवाय फायली फ्लॉपीवरून, बहुधा ओळखीच्याच माणसाकडून येत. पुढे इंटरनेट आले, विंडोज एक्सपी आली, फ्लॉपी गेली. ही आज्ञा मात्र राहिली. तिच्या जागी घातक कोड भरून ठेवला की चित्र दाखवता दाखवता विंडोज तो कोडही चालवी. जुन्या वाड्यातली एखादी खिडकी कशासाठी ठेवली होती ते वारसांना ठाऊक नसते, पण चोराला ती सापडते, तसे हे झाले.

फाईलचे नाव बदलून 'जेपीजी' केले तरी उपयोग नव्हता, कारण विंडोज फाईलच्या आत पाहून तिचा प्रकार ओळखी.

२८ डिसेंबरला मायक्रोसॉफ्टने इशारा प्रसिद्ध केला आणि तात्पुरता उपायही सांगितला : चित्रे दाखवणाऱ्या 'पिक्चर अँड फॅक्स व्ह्यूअर'ची डीएलएल एका आज्ञेने नोंदीतून काढून टाकायची. त्याने एक वाट बंद होई आणि त्याबरोबर चित्रे पाहण्याची सोयही जाई. पण खरा दोष त्या व्ह्यूअरमध्ये नव्हताच. तो त्याच्याही खाली, विंडोजच्या चित्रण-यंत्रणेत होता. दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅमने तेच चित्र उघडले की धोका जिथल्या तिथे.

अधिकृत पॅच १० जानेवारीला येईल, असे कंपनीने सांगितले. २००३ पासून तिचे पॅच महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येत असत. पॅच अनेक आवृत्त्यांवर आणि अनेक भाषांतील विंडोजवर तपासावा लागतो, हे कारण खोटे नव्हते. पण हल्लेखोर पंचांग पाहून थांबत नाहीत.

३१ डिसेंबरला इल्फाक गिल्फानोव यांनी स्वतः लिहिलेला पॅच सर्वांसाठी खुला केला. बेल्जियममध्ये काम करणारे हे रशियन प्रोग्रॅमर 'आयडीए प्रो' या साधनाचे कर्ते. तयार प्रोग्रॅम उकलून त्याच्या आत काय चालते ते पाहण्याचे ते साधन आहे. त्यांची युक्ती मोजकी होती. विंडोजच्या मूळ फायलींना हात न लावता, प्रत्येक प्रोग्रॅमच्या स्मृतीत एक पहारेकरी उभा करायचा. 'सेटअबॉर्टप्रॉक' आली की तो ती परतवून लावणार, बाकी सर्व आज्ञा आत सोडणार.

आणि इथेच खरा पेच पडला. एका त्रयस्थ माणसाने लिहिलेला कोड आपल्या कार्यालयातील शेकडो संगणकांवर चढवायचा का? मायक्रोसॉफ्टचा सल्ला होता, अधिकृत पॅचचीच वाट पाहा. 'सॅन्स' संस्थेच्या इंटरनेट स्टॉर्म सेंटरने मात्र गिल्फानोव यांचा पॅच उकलून पाहिला, तो सांगतो तेवढेच करतो याची खात्री केली आणि मग तो वापरण्याची शिफारस केली. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही पद्धत ओळखीची वाटेल. लेखकाच्या लौकिकावर न विसंबता त्यांनी कागदच वाचला. माझ्या मते त्या आठवड्यातला सर्वांत शहाणा निर्णय तोच होता. (अर्थात हे आज म्हणणे सोपे आहे. तेव्हा मी बालवाडीत होतो, आणि संगणक-विभागाची जबाबदारी माझ्यावर नव्हती.)

मागणी एवढी वाढली की गिल्फानोव यांचे संकेतस्थळच कोलमडले. अखेर ठरलेल्या मंगळवारची वाट न पाहता मायक्रोसॉफ्टने ५ जानेवारी २००६ रोजी पॅच प्रसिद्ध केला. विंडोज ९८ ला तो मिळाला नाही. तिथे धोका तितका गंभीर नाही, असे कंपनीचे म्हणणे होते.

पुढे स्टीव्ह गिब्सन यांनी अशी शंका घेतली की हे चोरदार कंपनीतल्याच कोणीतरी मुद्दाम ठेवले असावे. मायक्रोसॉफ्टने ती फेटाळली. मलाही कटापेक्षा विस्मरणच अधिक संभवनीय वाटते.

गिल्फानोव यांनी आपल्या पॅचसोबतच एक सूचना दिली होती : अधिकृत पॅच आला की माझा काढून टाका. तो काढण्याची सोयही विंडोजच्या नेहमीच्या 'अ‍ॅड ऑर रिमूव्ह प्रोग्रॅम्स'मध्येच ठेवलेली होती.