गिटफ्लो, गिटहब फ्लो की ट्रंक? टीमसाठी योग्य पद्धत कशी निवडायची?

एकाच अ‍ॅपवर पाच जण काम करत असतील, तर कुणाचा कोड कधी आणि कुठे जोडायचा, हा प्रश्न लगेच येतो. ते ठरलेलं नसेल तर एकाने केलेली दुरुस्ती दुसऱ्याच्या बदलात पुसली जाते आणि रिलीजच्या आदल्या रात्री सगळी टीम कोड जुळवत बसते.

कोडमधल्या बदलांची नोंद ठेवण्यासाठी आज बहुतेक टीम गिट वापरतात. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये ते तयार केलं. मूळ कोडला धक्का न लावता वेगळी ब्रँच, म्हणजे शाखा काढून काम करायची सोय गिटमध्ये आहे. पण ब्रँच किती दिवस ठेवायची आणि मूळ कोडमध्ये कधी मर्ज करायची, हे टीमलाच ठरवावं लागतं. या ठरलेल्या पद्धतीलाच वर्कफ्लो म्हणतात.

प्रमुख पद्धती कोणत्या?

गिटफ्लो : व्हिन्सेंट ड्रीसन यांनी २०१० मध्ये ही पद्धत मांडली. यात मास्टर आणि डेव्हलप या दोन कायमच्या ब्रँच असतात. नवीन फीचर, रिलीज आणि तातडीची दुरुस्ती यांसाठी वेगळ्या ब्रँच काढल्या जातात. शिस्त पक्की राहते, पण व्यापही वाढतो.

गिटहब फ्लो : मुख्य ब्रँच एकच आणि ती कधीही रिलीज करता येईल अशी. कामापुरती छोटी ब्रँच काढायची, पुल रिक्वेस्ट टाकायची, सहकाऱ्याने कोड तपासला की मर्ज करायचं.

ट्रंक बेस्ड : सगळे जण रोज, निदान एकदा तरी, मुख्य ब्रँचमध्येच कोड जोडतात. अर्धवट फीचर युजरला दिसू नये म्हणून ते फीचर फ्लॅगने बंद ठेवतात. गुगलमध्ये याच पद्धतीने काम चालतं. मात्र ऑटोमेटेड टेस्ट भक्कम नसतील तर एक चूक सगळ्यांचं काम अडवते.

मग निवडायचं काय?

गिटफ्लो लोकप्रिय आहे म्हणून अनेक टीम ती डोळे झाकून स्वीकारतात. पण २०२० मध्ये खुद्द ड्रीसन यांनीच आपल्या मूळ लेखावर टीप जोडली. वेबसाइटसारखं सतत अपडेट होणारं सॉफ्टवेअर असेल तर गिटहब फ्लोसारखी सोपी पद्धत वापरा, असा सल्ला त्यांनी त्यात दिला.

म्हणजेच खरा प्रश्न आहे, रिलीज किती वेळा होतो?

• दिवसातून किंवा आठवड्यातून अनेकदा, आणि टीम छोटी : गिटहब फ्लो

• रोज रिलीज, अनुभवी टीम, भक्कम टेस्ट : ट्रंक बेस्ड

• ग्राहकांकडे जुनी-नवी व्हर्जन एकाच वेळी चालू : गिटफ्लो

• ओपन सोर्स प्रोजेक्ट, अनोळखी लोकांचं योगदान : आधी फोर्क, म्हणजे प्रोजेक्टची स्वतःची प्रत काढायची आणि तिथून पुल रिक्वेस्ट पाठवायची

पद्धत कोणतीही असो, एक गोष्ट सगळीकडे लागू होते. ब्रँच जितकी जुनी, तितके मर्ज करताना कॉन्फ्लिक्ट जास्त. म्हणून काम लहान तुकड्यांत करा आणि ठरलेले नियम प्रोजेक्टच्या रीडमी फाइलमध्ये लिहून ठेवा. टीममध्ये उद्या येणाऱ्या नव्या माणसाला ते कुणाला विचारावे लागणार नाहीत.