काचपेटीतला समुद्र

मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली समुद्राकाठीच सुरू झाले. कळमेश्वरच्या शाळेत समुद्र कोठून आणायचा? लंडनमध्ये फिलिप गॉस यांच्यापुढेही हाच प्रश्न होता. १८५४ साली त्यांनी चार क्षार विरघळवून कृत्रिम समुद्रजल तयार केले.

पाणी मिळाले, पण मासे त्यात विषारी अमोनिया सोडतात, त्याचे काय? काही जीवाणू अमोनियाचे नायट्राइट आणि दुसरे त्याचे नायट्रेट करतात, हे विनोग्राद्स्की यांनी १८९०-९१ मध्ये मातीतील जीवाणूंवरून दाखवले.

आज काचपेटी, गाळणी, पंप एकत्र असलेली खाऱ्या पाण्याची तयार टाकी मिळते. जीवाणूंची वसाहत मात्र टाकीतच वाढावी लागते. त्याला काही आठवडे लागतात. म्हणून नवशिक्याने शक्य तितकी मोठी टाकी निवडावी. जास्त पाण्यात विष सौम्य राहते. मासे सर्वांत शेवटी आणावेत.