आल्मांचा दिवस

पावसाळा सरून भाताचें पीक घरांत येऊं लागलें, कीं मालवण, वेंगुर्लें, सावंतवाडी या भागांतील ख्रिस्ती वाड्यांतून एक काम दरवर्षीं निघतें. चार महिन्यांच्या पावसानें दफनभूमींत गुडघ्याएवढें गवत माजलेलें असतें. तें कापावयाचें, थडगीं धुवावयाचीं, कललेले क्रूस सरळ करावयाचे, आणि २ नोव्हेंबर रोजीं तेथें फुलें व मेणबत्त्या घेऊन जावयाचें. कॅथॉलिक पंचांगांत हा दिवस सर्व मृतांच्या स्मरणाचा होय. गोव्याच्या कोंकणींत त्यास 'आल्मांचो दीस' म्हणतात. 'आल्मा' म्हणजे पोर्तुगीज भाषेंत आत्मा. शेजारच्या हिंदु घरांतील म्हाळ याच्या आधींच आटोपलेला असतो, आणि त्यामुळें हा दिवस म्हणजे ख्रिस्ती मंडळींचा पितृपंधरवडाच, अशी पुष्कळांची समजूत होते. साम्य आहे खरें. परंतु या दोन आचारांच्या मधून एक रेषा गेलेली आहे, आणि त्या रेषेनें या किनाऱ्यावरील कित्येक कुटुंबांना त्यांच्याच पूर्वजांपासून वेगळें केलें. ती रेषा कोठून आली व पुढें तिचें काय झालें, हें पाहण्यासारखें आहे.

मृतांसाठीं प्रार्थना करावी, ही कल्पना ख्रिस्ती धर्माहूनहि जुनी आहे. इ. स. पूर्वीच्या दुसऱ्या शतकांत यहुदा मक्काबी नांवाचा एक ज्यू सेनानी होऊन गेला. एका लढाईंत त्याचे कांहीं शिपाई पडले. त्यांचीं प्रेतें उचलावयास मंडळी गेली, तों त्या मेलेल्यांच्या अंगरख्याखालीं परक्या देवतांचे ताईत निघाले. धर्मशास्त्राप्रमाणें हें मोठेंच पाप. तरीहि यहुदानें त्यांना टाकून दिलें नाहीं. त्यानें सैन्यांत वर्गणी केली आणि चांदीचे सुमारें दोन हजार द्राख्म पापार्पणासाठीं जेरुसलेमला धाडले. मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथांत ही हकीगत आहे. कॅथॉलिक या ग्रंथास पवित्र शास्त्रांत स्थान देतात. प्रॉटेस्टंट देत नाहींत. ताईत बाळगणाऱ्यांसाठींच ही पहिली प्रार्थना झाली, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. कोंकणांत तिचा पुन्हां संबंध येतो.

पुढें ख्रिस्ती लोकांत मिस्सेच्या वेळीं, म्हणजे देवळांतील मुख्य यज्ञोपासनेच्या वेळीं, मृतांचें स्मरण करण्याची चाल पडली. संत ऑगस्टिन याची आई मोनिका ३८७ मध्यें इटलींत वारली. ती मूळची आफ्रिकेची. परदेशीं देह पडणार याचें तिला दुःख व्हावें, असें जवळच्यांस वाटलें. तिनें मुलांस सांगितलें कीं, देह कोठेंहि पुरा, मात्र देवाच्या वेदीपाशीं माझी आठवण ठेवा.

पोप ग्रेगरी (५९० ते ६०४) यानें आपल्या 'संवाद' या ग्रंथांत सांगितलेली गोष्ट याहून कठोर आहे. त्याच्या मठांत जुस्तुस नांवाचा वैद्यक जाणणारा एक साधु होता. मठवासीयास खाजगी पैसा वर्ज्य असतांना यानें औषधांमध्यें तीन सोन्याचीं नाणीं दडवून ठेवलीं होतीं. तो मरणास टेकला तेव्हां तें उघडकीस आलें. ग्रेगरीनें आज्ञा केली कीं, मरतांना त्याच्याजवळ कोणी बसूं नये आणि मेल्यावर उकिरड्यांत खड्डा खणून त्या नाण्यांसकट त्यास पुरावें. तसें झालें. परंतु कांहीं दिवसांनीं ग्रेगरीचें मन द्रवलें. त्यानें सांगितलें कीं, आजपासून तीस दिवस या अभाग्यासाठीं रोज मिस्सा करा. इतर कामांच्या गर्दींत कोणी दिवस मोजले नाहींत. एके रात्रीं जुस्तुस आपला भाऊ कोपिओसुस याच्यापुढें प्रगट झाला व म्हणाला, आतांपर्यंत माझी अवस्था वाईट होती, आतां मी सुखी आहें. साधूंनीं हिशेब केला तों तो बरोबर तिसावा दिवस होता. ओळीनें तीस दिवस केल्या जाणाऱ्या मिस्सांना आजहि 'ग्रेगोरियन' म्हणतात, तें या कथेवरून.

या कथेंत जी मधली अवस्था सूचित होते, तिला नांव मात्र फार उशीरां मिळालें. 'पुर्गातोरियुम', म्हणजे शुद्धिस्थान, हें लॅटिन नाम बाराव्या शतकाच्या उत्तरार्धांत रूढ झालें, असें फ्रेंच इतिहासकार जाक ल गॉफ यानें १९८१ च्या आपल्या ग्रंथांत दाखविलें आहे. त्याच्या फार आधीं, अकराव्या शतकाच्या सुमारास, फ्रान्समधील क्लुनीच्या मठाचा अधिपति ओदिलो यानें आपल्या मठांतून २ नोव्हेंबर हा सर्व मृतांचा दिवस ठरविला व तो हळूहळू युरोपभर पसरला. लियोंच्या (१२७४) व फ्लॉरेन्सच्या (१४३९) धर्मसभांनीं सिद्धान्तास मान्यता दिली. स्वर्गाला पात्र, पण अजून निर्मल न झालेला जीव येथें शुद्ध होतो. त्याला स्वतःसाठीं आतां कांहीं करतां येत नाहीं. जिवंत माणसांची प्रार्थना, दान व मिस्सा त्याच्या उपयोगीं पडतात. एवढें त्याचें सार. या सिद्धान्ताभोंवतीं पैशाचा व्यवहारहि वाढला. 'या पेटींत नाणें टाका आणि तुमच्या बापाचा आत्मा सोडवा' अशा थाटाचा प्रचार जर्मनींत सुरू झाला, तेव्हां १५१७ मध्यें मार्टिन ल्यूथर उभा राहिला. भ्रष्टाचाराविरुद्धचा त्याचा संताप रास्त होता. ट्रेंटच्या धर्मसभेनें १५६३ मध्यें सिद्धान्त कायम ठेवला, पण त्याच्या निमित्तानें होणारी हलकट कमाई निषिद्ध ठरविली.

गोवा पोर्तुगीजांनीं घेतला १५१० मध्यें, म्हणजे युरोपांत हा वाद पेटण्याच्या ऐन तोंडावर. मृतांना पुरणें व त्यांसाठीं प्रार्थना करणें हीं दयेचीं कृत्यें मानणारी 'मिझेरिकॉर्डिया' ही संस्था लिस्बनमध्यें १४९८ त स्थापन झाली होती; तिची शाखा लवकरच गोव्यांत निघाली. फ्रान्सिस झेवियर १५४२ त गोव्यास उतरला. त्यानें मलाक्का व पूर्वेकडील बेटांत रात्रीं कंदील व घंटा घेऊन रस्त्यांतून फिरण्याची आणि शुद्धिस्थानांतील आत्म्यांसाठीं लोकांकडून प्रार्थना मागण्याची चाल पाडली. गांवोगांव बंधुसंघ निघाले; सभासदाच्या प्रेतामागून अंगावर झूल घेऊन चालावें व त्याच्या नांवें मिस्सा करवावी, हा त्यांचा एक नेम होता. निपुत्रिकालाहि मागें कोणी तरी नाम घेणारें असावें, ही सोय या संघांनीं केली. श्राद्धाचा अधिकार मुलाकडे व गोत्राकडे असतो; येथें तो सगळ्या मंडळीकडे गेला. सामाजिक दृष्टीनें हा फरक लहान नव्हे.

परंतु नव्यानें बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाच्या मनांतला खरा प्रश्न निराळाच होता. माझी प्रार्थना माझ्या आजोबापर्यंत पोहोंचेल काय? त्या काळच्या धर्मोपदेशकांचें उत्तर 'नाहीं' असें होतें. आजोबा बाप्तिस्म्यावांचून मेला. त्याच्यासाठीं शुद्धिस्थान नाहीं. हीच ती रेषा. तिच्या दाहाची साक्ष झेवियरच्याच पत्रांत आहे. १५५२ च्या जानेवारींत कोचीनहून लिहितांना तो जपानी ख्रिस्ती लोकांविषयीं सांगतो कीं, आपल्या मृत आईबापांना सोडविण्याचा कांहींच मार्ग नाहीं हें ऐकून ते रडतात, आणि त्यांचें रडणें पाहून आपणांसहि वेदना होतात. पण त्यानें उत्तर बदललें नाहीं. कोंकणच्या माणसाच्या घरीं तर पितरांचा शब्द रोजचा. लग्नकार्यांत त्यांना आवाहन, नवें धान्य आलें कीं त्यांचें स्मरण, भाद्रपदांत त्यांचें पान. हें सर्व एका पिढींत सोडावयाचें होतें.

तें सुटलें नाहीं, याची साक्ष बंदी घालणाऱ्यांनींच देऊन ठेवली आहे. गोव्यांत १५६० मध्यें धर्मन्यायसभा, म्हणजे इन्क्विझिशन, स्थापन झाली. तिनें १७३६ मध्यें एक लांबलचक जाहीरनामा काढून जन्म, विवाह व मृत्यु या प्रसंगींच्या देशी चालींवर बंदी घातली. अंगणांत तुळस लावूं नये, एकादशी करूं नये, हिंदूंप्रमाणें मिठावांचून भात शिजवूं नये, मृत्युस्थान शेणानें सारवूं नये, अशीं कलमें त्यांत आहेत. धर्मांतरास जवळजवळ दोनशें वर्षें झाल्यावरहि भाताच्या भांड्यांत मीठ आहे कीं नाहीं हें सरकारला पाहावें लागावें, यावरून काय तें समजावें.

मालवण-वेंगुर्ल्याचा किनारा या सत्तेच्या बाहेर होता. आधीं विजापूरकर, मग शिवछत्रपति, पुढें वाडीकर सावंत व कोल्हापूरकर अशा अंमलाखालीं तो राहिला. कर, लढाया, रोगराई आणि इन्क्विझिशनचा जाच यांस कंटाळून बारदेशाकडील ख्रिस्ती कुटुंबें सतराव्या-अठराव्या शतकांत सावंतवाडीच्या मुलखांत येऊन राहिलीं. त्यांनीं येतांना जाहीरनाम्याची भीति मागें टाकली, धर्म टाकला नाहीं. त्यांच्याहि आधीं दिवाडी बेटावरील ब्राह्मण कुळांतला मातेउश द कास्त्रु, ज्याला गोव्यांत पाद्री होऊं दिलें नाहीं व जो रोमला जाऊन १६३७ मध्यें बिशप होऊन आला, त्यानें आदिलशाही मुलखांत डिचोली, बांदें व वेंगुर्लें येथें देवळें बांधलीं. योगायोग असा कीं, त्याच १६३७ सालीं डचांनीं वेंगुर्ल्यास वखार घातली. डच हे काल्व्हिनपंथी. मेलेल्यासाठीं प्रार्थना म्हणजे त्यांच्या मतें अंधश्रद्धाच. एकाच बंदरांत एकीकडे मृतांसाठीं मिस्सा चाले, आणि दुसरीकडे त्याच ख्रिस्ताचे अनुयायी आपला माणूस मुकाट्यानें पुरून, हिशेबाच्या वह्यांकडे परतत असत. दोघांचाहि शेजारी असलेल्या हिंदूस यांपैकीं कोणाचें वागणें अधिक ओळखीचें वाटलें असेल, हें सांगण्याची गरज नाहीं.

आतां एक चाल पाहण्यासारखी आहे. गोव्यांत व गोव्याहून बाहेर गेलेल्या कॅथॉलिक घरांत लग्नापूर्वीं गोरगरिबांना जेवूं घालतात. त्यास 'भिकाऱ्यांचें जेवण' म्हणतात. पाहुण्यांसारखा मान देऊन त्यांस पानावर बसवावयाचें, प्रार्थना म्हणावयाची, आणि कुटुंबांतील सर्व मृतांच्या आत्म्यांसाठीं हें अन्न घालावयाचें. दान हें मृतांस उपयोगीं पडतें, असें शास्त्रच सांगत असल्यामुळें पाद्रीबाबांस हरकत घेण्यास जागा नाहीं. पण लग्नाच्या तोंडावरच ही आठवण कां? हिंदु लग्नाच्या आधीं नांदीश्राद्ध असतें, हें जो जाणतो त्याला उत्तर सांपडेल. आणि 'कुटुंबांतील सर्व मृत' यांत कोणाकोणाची गणना होते? बाप्तिस्मा झालेल्यांचीच, असें पुस्तक म्हणेल. पानावर बसलेल्या भिकाऱ्यास तें कोणी विचारीत नाहीं, आणि वाढणारी घरधनीणहि मोजीत नाहीं. धर्मपंडितांनीं आंखलेली रेषा या जेवणाच्या पंगतींत बहुधा पुसली जात असावी.

या किनाऱ्यास आणखी एक दुःख ठाऊक आहे. येथील पुष्कळ माणसें दर्यावर्दी. कोणी होडींतून मासे मारणारे, कोणी मुंबईस जाऊन परदेशी आगबोटींवर चाकरी करणारे. जो समुद्रांत गेला त्याला थडगें नाहीं. त्याच्यासाठीं २ नोव्हेंबरची मिस्सा हाच काय तो संस्कार. त्या दिवशीं प्रत्येक पाद्र्यानें तीन मिस्सा कराव्या, ही सवलत स्पेन, पोर्तुगाल व त्यांच्या मुलखांस पोप बेनेडिक्ट चौदावा यानें १७४८ मध्येंच दिली होती; म्हणजे गोव्यास ती जुनीच. बाकीच्या जगास ती १९१५ मध्यें बेनेडिक्ट पंधरावा यानें दिली, कारण महायुद्धांत इतके तरुण पडत होते कीं त्यांच्यासाठीं एक मिस्सा अपुरी वाटूं लागली.

विसाव्या शतकांत पुष्कळ गोष्टी बदलल्या. प्रार्थना लॅटिन सोडून लोकांच्या भाषेंत आली. काळ्या वस्त्राऐवजीं जांभळें वस्त्र आलें. १९६३ मध्यें दहनावरील बंदीहि उठली. दुसऱ्या व्हॅटिकन सभेनें १९६४ मध्यें असें म्हटलें कीं, स्वतःचा दोष नसतां ज्यांना ख्रिस्ताची ओळख झाली नाहीं, पण जे सद्बुद्धीनें देवाचा शोध करतात, त्यांनाहि तारण मिळूं शकतें. त्यानंतर तयार झालेल्या एका मिस्सा-प्रार्थनेंत, ज्यांची श्रद्धा केवळ देवासच ठाऊक, अशा मृतांसाठींहि विनंति आहे. १९९९ मध्यें पोप जॉन पॉल दुसरा यानें शुद्धिस्थान ही जागा नसून अवस्था होय, असें स्पष्ट केलें. कोचीनच्या पत्रांतला प्रश्न सुटावयास चारशें वर्षांहून अधिक काळ लागला. तोंपर्यंत ज्यांनीं तो विचारला होता ते सारे स्वतःच मृतांत जमा झाले होते.

फार काळ गोव्याच्या आर्चबिशपांकडे व नंतर पुण्याच्या धर्मप्रांतांत असलेला हा भाग २००५ मध्यें सिंधुदुर्ग नांवाचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला; त्याचें पीठ सावंतवाडीस आहे. या प्रदेशांतील जुन्या दफनभूमींत जागा थोडी. कांहीं वर्षांनीं अस्थि उचलून एकत्र ठेवतात व खड्डा दुसऱ्यास देतात. त्यामुळें ज्याचें थडगें उरलें नाहीं, जो बोटींवर गेला तो परत आला नाहीं, किंवा ज्याचें नांवहि घरांत कोणास आठवत नाहीं, अशांसाठीं मधल्या मोठ्या क्रूसाच्या पायथ्याशीं मेणबत्त्या लावतात. आल्मांच्या दिवशीं संध्याकाळीं सर्वांत अधिक मेण तेथेंच सांडलेलें दिसतें.