सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांचे सततचे शिक्षण : रुग्णांनी काय जाणून घ्यावे?

सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात पडला की बहुतेकजण आधी शेवटची ओळ वाचतात. खाली सही कोणाची आहे, याकडे फारसे कोणी पाहत नाही. सोनोग्राफीच्या बाबतीत मात्र ती सही फार महत्त्वाची असते.

यंत्रापेक्षा हात महत्त्वाचा

सीटी स्कॅनमध्ये यंत्र ठरलेल्या पद्धतीने संपूर्ण भागाच्या प्रतिमा घेते. त्या प्रतिमा नंतर दुसरे डॉक्टरही पूर्ण तपासू शकतात. सोनोग्राफीचे तसे नाही. प्रोब कुठे टेकवायचा, किती तिरका धरायचा, कोणते चित्र साठवायचे हे डॉक्टर त्या क्षणी ठरवतात. त्यांच्या नजरेतून जे निसटले, ते बहुधा फिल्मवरही येत नाही. म्हणून महागड्या मशीनइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, डॉक्टरांचे प्रशिक्षण मोलाचे आहे.

मूळ प्रशिक्षण किती?

रेडिओलॉजीतील एमडी हा एमबीबीएसनंतरचा ३ वर्षांचा अभ्यासक्रम आहे. एमबीबीएस डॉक्टरांना गर्भवतीची सोनोग्राफी करायची असेल, तर गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याच्या २०१४ मधील नियमांनुसार ६ महिन्यांचे, ३०० तासांचे प्रशिक्षण घेऊन परीक्षा द्यावी लागते.

पदवीनंतर पुन्हा का शिकायचे?

कारण निकष बदलतात, आणि ते बदल थेट तुमच्या उपचारांवर परिणाम करतात. दोन उदाहरणे पाहू.

थायरॉइडच्या गाठी फार जणांना असतात आणि त्यांतील बहुतेक निरुपद्रवी असतात. कोणत्या गाठीची सुईने तपासणी करायची, यासाठी अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीने २०१७ मध्ये 'टायरॅड्स' ही गुणांकन पद्धत प्रसिद्ध केली. गाठ भरीव आहे की पाण्याची, तिचा रंग, आकार, कडा आणि आतील पांढरे ठिपके यांवरून गुण दिले जातात. सौम्य संशयाच्या गाठीला २.५ सेंटीमीटरपासून, तर दाट संशयाच्या गाठीला १ सेंटीमीटरपासून सुईची तपासणी सुचवली जाते. ही पद्धत माहीत नसेल, तर साध्या गाठीलाही सुई टोचली जाऊ शकते किंवा संशयास्पद गाठ 'लहान आहे' म्हणून सोडून दिली जाऊ शकते.

दुसरे उदाहरण गरोदरपणातील ११ ते १४ आठवड्यांच्या एनटी स्कॅनचे. यात बाळाच्या मानेमागील द्रवाची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत मोजतात. बाळाची मान वाकलेली किंवा जास्त ताणलेली असली तर माप चुकते, आणि जोखमीचे सगळे गणितच बिघडते. या मोजमापासाठी लंडनचे फीटल मेडिसिन फाउंडेशन स्वतंत्र प्रमाणपत्र देते. ते टिकवण्यासाठी डॉक्टरांनी घेतलेल्या मापांची दरवर्षी पडताळणी होते.

३० तासांचा नियम

महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडील नोंदणीचे दर ५ वर्षांनी नूतनीकरण करताना डॉक्टरांना निरंतर शिक्षणाचे ३० क्रेडिट तास दाखवावे लागतात. परिषदा, कार्यशाळा, व्याख्याने यांतून ते मिळतात. हा नियम उपयुक्त आहे, पण हे तास सोनोग्राफीचेच असावेत असे बंधन नाही. त्यामुळे नोंदणी चालू असणे ही किमान अट समजावी. त्या विशिष्ट तपासणीतले कौशल्य त्यावरून कळत नाही.

खरे शिक्षण निकालातून

सोनोग्राफीत अपेंडिक्सला सूज दिसली. ऑपरेशनमध्ये काय आढळले? अंडाशयाची गाठ साधी वाटली; बायोप्सीचा अहवाल काय आला? आपला अंदाज बरोबर होता की चूक, हे कळले तरच डॉक्टरांची नजर तयार होते. पण रुग्ण दुसऱ्या रुग्णालयात जातो आणि निकाल सोनोग्राफी केंद्रापर्यंत पोहोचतच नाही. इथे तुम्ही मदत करू शकता. पुढचा अहवाल आला की त्याची एक प्रत केंद्राला द्या. चूक काढण्यासाठी नव्हे, तर पुढच्या रुग्णासाठी.

तुम्ही काय करावे?

- रिपोर्टवर डॉक्टरांचे नाव, पदवी आणि नोंदणी क्रमांक आहे का ते पाहा.
- गर्भवतीची सोनोग्राफी करणाऱ्या केंद्राचे नोंदणी प्रमाणपत्र दर्शनी भागात लावलेले असावे.
- एनटी, गर्भाच्या व्यंगांची तपासणी, सांधे किंवा डॉप्लर अशा विशेष तपासणीपूर्वी, "या तपासणीचे वेगळे प्रशिक्षण घेतले आहे का?" असे नम्रपणे विचारा. हा प्रश्न अपमानाचा नाही.
- जुने रिपोर्ट आणि फिल्म सोबत न्या. गाठ वाढली की तशीच आहे, हे तुलनेतूनच कळते.
- "गॅसमुळे स्वादुपिंड नीट दिसले नाही" असे वाक्य रिपोर्टमध्ये दिसले, तर तो निष्काळजीपणा समजू नका. मर्यादा लिहिणे हे प्रामाणिकपणाचे लक्षण आहे. पुढे काय करायचे ते आपल्या डॉक्टरांना विचारा.
- त्रास कायम असेल आणि रिपोर्ट 'नॉर्मल' असेल, तर गप्प बसू नका. तपासणी पुन्हा करावी का किंवा दुसरे मत घ्यावे का, याची चर्चा करा.
- गर्भाचे लिंग विचारू नका. ते सांगणे गुन्हा आहे, आणि लिंगनिवडीसाठी तपासणीचा आग्रह धरणाऱ्यांवरही कारवाई होते.

ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. आपल्या रिपोर्टचा अर्थ आणि पुढील उपचार आपल्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवा.