लोखंडाचा तांबेरा आणि जुन्या मोटारी

गव्हाच्या पानावर पडतो तो तांबेरा, आणि लोखंडावर चढतो तोहि तांबेरा. मराठीनें दोहोंना एकच नांव दिलें तें केवळ रंगावरून नसावें. दोन्ही रोग ओलीवर पोसतात, आणि डोळ्यांना दिसूं लागतात तेव्हां आंतील नासाडी पुष्कळ पुढें गेलेली असते. जळकोटच्या शेतकऱ्याला पहिला तांबेरा समजावून सांगावा लागत नाहीं. लोखंडाच्या तांबेऱ्याचें त्याला पूर्वीं फारसें भयहि नव्हतें. नांगराचा फाळ चांगला जाड, आणि त्यावर चढलेला गंज पहिल्या नांगरटींतच मातीनें घासून निघे. मोटार आली आणि हा हिशेब पालटला. तिच्या अंगाचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा. घासून जाण्यासारखें त्यांत कांहीं शिल्लकच नसतें.

जळकोट १९४८ सालच्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होतें, तेव्हां या मुलुखांतील मोटारीचा इतिहास हैदराबादेपासूनच धरला पाहिजे. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनीं मिरवणुकीसाठीं रोल्स-रॉइस कंपनीची 'सिल्व्हर घोस्ट' गाडी मागविली होती. तींत सिंहासनासारखी उंच बैठक होती. १९११ सालीं ते वारले आणि गाडी त्यांच्या पश्चात् आली. ती फारच थोडे मैल चालली, आणि आज दुरुस्त होऊन चौमहल्ला राजवाड्यांत उभी आहे. त्या काळच्या इंग्रज कारागिरांची रीत अशी, कीं पोलादी सांगाड्यावर ॲश लांकडाची चौकट उभारावयाची, आणि तिच्यावर ॲल्युमिनियमचा किंवा पोलादाचा पत्रा हातानें ठोकून बसवावयाचा. अशा गाडीचें लांकूड कुजतें, सांधे ढिले पडतात. पण तिचे भाग एकेक सोडवून पाहतां येतात. सुतार आणि लोहार दोघांनाहि तिच्यांत वाट सांपडते. १ जून १९४८ रोजीं पुणें-अहमदनगर रस्त्यावर निघालेल्या पहिल्या एस्. टी. गाडीचें अंगहि लांकडीच होतें.

ही वाट बंद होऊं लागली ती अमेरिकेंत. एडवर्ड बड या कारखानदारानें १९१४ च्या सुमारास डॉज गाड्यांसाठीं संपूर्ण पोलादी अंगें पुरविण्यास आरंभ केला. लांकूड गेल्यामुळें गाडीवरचा रंग भट्टींत भाजून पक्का करतां येऊं लागला. पुढें १९३४ च्या सित्रोएन गाडीनें तर निराळा सांगाडाच काढून टाकला; पत्र्याच्या पोकळ पेट्या एकमेकींस जोडून गाडीचें अंग हाच तिचा कणा झाला. गाडी हलकी झाली, पुढें स्वस्तहि झाली. परंतु त्या पोकळ पेट्यांच्या आंत ब्रश पोंचत नाहीं, रंग पोंचत नाहीं. पाणी मात्र पोंचतें.

महाराष्ट्रांत याचें उदाहरण घरोघर ठाऊक आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनीं १९४४ सालीं स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून फिएट ११०० निघूं लागली, आणि तिच्याच वंशांतील गाडीला पुढें १९७४ च्या सुमारास 'पद्मिनी' हें नांव मिळालें. काळीपिवळी टॅक्सी म्हणून ती मुंबईच्या रस्त्यांवर ऑक्टोबर २०२३ पर्यंत राहिली. ही गाडी अंगाच्याच बळावर उभी. आणि तिच्या वाट्याला आली समुद्रावरील खारी हवा. गंजणें ही मुळांत विजेची आणि रसायनाची क्रिया. मिठामुळें पाण्यांतून वीज सहज वाहते, म्हणून ती झपाट्यानें चालते. शिवाय गंज हा ज्या लोखंडापासून होतो त्याच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो; दोन पत्र्यांच्या सांध्यांत शिरला कीं तो पाचरीसारखा सांधा फोडतो.

जळकोटकडे खारी हवा नाहीं आणि उन्हाळा कडक. तेथें उभ्या राहिलेल्या जुन्या गाडीचें छप्पर पाहून गिऱ्हाईक खूष होतें. परंतु पावसाळ्यांत चाकांनीं उडविलेली काळी माती चाकाच्या कोनाड्यांत आणि दारांखालच्या पट्टींत चिकटून बसते, आणि काळी माती पाणी सहजासहजीं सोडीत नाहीं. गाडी गोठ्यालगत ठेवली असेल तर ओलीबरोबर क्षारहि आले. मुंबईची गाडी सर्वांगानें सडते, जळकोटची पायाकडून.

गंजावरील जुना उपाय येथल्या माणसाला परका वाटूं नये: उकळलेल्या जवसाच्या तेलांत कालविलेला शेंदूर. वेशीवरच्या मारुतीला चढतो तोच शिशाचा शेंदूर पुलांच्या तुळयांना आणि गाड्यांच्या सांगाड्यांना लागत आला. शिसें विषारी, म्हणून तो मागें पडला व जस्ताच्या आणि ईपॉक्सीच्या रंगांनीं त्याची जागा घेतली. दुसरा उपाय फॉस्फोरिक आम्लाचा. इंग्लंडमध्यें थॉमस कॉस्लेटनें १९०६ सालीं या आम्लानें लोखंडावर रक्षक थर चढविण्याचें पेटंट घेतलें. दिल्लीचा लोहस्तंभ तर सोळाशें वर्षें अशाच थराच्या आश्रयानें उभा आहे. त्याच्या लोखंडांतील स्फुरदापासून तो थर बनल्याचें कानपूरच्या आय. आय. टी. मधील आर्. बालसुब्रमण्यम् यांनीं २००० सालीं दाखवून दिलें. पण आम्ल वरवरच्या गंजाला औषध आहे. जेथें पत्राच उरला नाहीं, तेथें तें कशावर काम करणार?

तेथें दोन मार्ग फुटतात. एक, छिद्रांत पुट्टी भरून वर झगझगीत रंग मारण्याचा. विकण्यासाठीं नटविलेल्या गाड्यांत हा प्रकार फार. पुट्टीखालीं ओल आणि गंज दोन्ही तसेच राहतात, आणि दोनतीन पावसाळ्यांत रंगाला फुगवटे येतात. मऊ फडक्यांत गुंडाळलेला लोहचुंबक पत्र्यावर फिरवावा. जेथें तो ओढ घेत नाहीं तेथें पुट्टी जाड भरलेली समजावी. याला दुरुस्ती म्हणणें हा शब्दाचा अपमान आहे. दुसरा मार्ग, निरोगी पत्रा लागेपर्यंत कुजका भाग कापून तेवढ्याच जाडीचा नवा पत्रा वेल्डिंगनें जोडण्याचा. त्यापूर्वीं गाडीला आंतून आडवे आधार द्यावे लागतात आणि दारें जागेवर ठेवूनच मापें घ्यावीं लागतात. नाहीं तर खालची पेटी कापतांच कणा खचतो, आणि मग दारें मिटत नाहींत. शेवटीं पोकळ्यांत मेणाचा फवारा मारावयाचा आणि पाणी निघून जाण्याचीं छिद्रें मोकळीं ठेवावयाचीं.

परंतु कापतां कापतां मूळची गाडी किती उरते? केंद्र सरकारनें जुलै २०२१ मध्यें केलेल्या नियमांप्रमाणें व्यापारी उपयोगाची नसलेली आणि पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षें उलटलेली गाडीच 'व्हिंटेज' ठरते. तीहि सांगाडा, अंग अथवा एंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसेल तरच. म्हणजे टॅक्सी म्हणून झिजलेल्या पद्मिनीला तो मान नाहीं. घरच्या गाडीला जुन्याच आकाराचें ठिगळ लावणें हा फेरफार नव्हे, उपचार आहे. अख्खें अंग नवें करून जुना क्रमांक मिरविणें मात्र निराळें. म्हणून जाणते कारागीर कापलेले तुकडे लगेच भंगारांत देत नाहींत. कितीहि कुजला तरी त्या तुकड्यावर मूळचा बांक असतो, त्यावरूनच नव्या पत्र्याचा नमुना काढतात; आणि आंतल्या बाजूला कोठें तरी कारखान्यांतून निघतांनाचा रंगहि सांपडतो.