पेडगावचा किल्ला आणि एक राहिलेले उत्तर

परवा शनिवारी काष्टीच्या बाजारात गेलो होतो. बैल घ्यायचे माझे वय आता राहिले नाही. पण काष्टीत राहून शनिवारी बाजारात एक चक्कर टाकली नाही, तर आठवडा संपल्यासारखे वाटत नाही. एका खिल्लार जोडीभोवती माणसे जमली होती आणि रुमालाखाली बोटांनी सौदा चालला होता. तिथेच मागून हाक आली, "सर, ओळखलंत का?"

मी चष्मा सारखा करून पाहिले. चेहरा ओळखीचा होता, नाव काही आठवेना. ती माझी जुनी विद्यार्थिनी निघाली. आता स्वतःच एका शाळेत शिक्षिका आहे. इकडचे तिकडचे बोलणे झाले आणि जाता जाता ती हसत म्हणाली, "सर, माझ्या एका प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडे अजून बाकी आहे. पेडगावचा प्रश्न."

मला एकदम सगळे आठवले. सांगतो.

आमच्या श्रीगोंदे तालुक्यात भीमेच्या काठी पेडगाव आहे. तिथे एक भुईकोट किल्ला आहे. राजगड-रायगड पाहिलेल्या माणसाला तो पहिल्यांदा किल्ला वाटणारच नाही. डोंगर नाही, चढण नाही. सपाट जमीन, पडझड झालेली तटबंदी, आत काटेरी झुडपे आणि पलीकडे नदी. पण आत हिंडू लागले की पाय निघत नाही. मुसलमानी अंमलाच्याही आधीची, यादवकाळातली देवळे तिथे आहेत. लक्ष्मीनारायणाच्या देवळावरचे कोरीवकाम पाहून माझ्या वर्गातली दंगेखोर मुलेसुद्धा गप्प झालेली मी पाहिली आहेत. नदीच्या बाजूला तटाजवळ पाणी वर उपसण्याच्या बांधकामाचे अवशेष आहेत. लोक त्याला हत्तीमोट म्हणतात.

हा किल्ला प्रसिद्धीला आला तो बहादूरखानामुळे. बहादूरखान कोकलताश हा औरंगजेबाचा दूधभाऊ. 1672 च्या सुमारास दक्षिणेचा कारभार त्याच्याकडे आला आणि त्याने पेडगावला छावणी घातली. कोट बांधला, त्याला स्वतःचेच नाव दिले, बहादूरगड. पुढे कितीतरी वर्षे ही जागा मोगलांच्या मोठ्या ठाण्यांपैकी एक होती.

या किल्ल्याच्या दोन गोष्टी मी वर्गात सांगत असे. एक हसवणारी, एक रडवणारी.

हसवणारी गोष्ट 1674 ची. रायगडावर 6 जूनला राज्याभिषेक झाला आणि पुढच्याच महिन्यात शिवाजी महाराजांनी बहादूरखानाची छावणी लुटली. आधी दोन हजार स्वार छावणीच्या दिशेने गेले. खान फौज घेऊन त्यांच्या अंगावर धावला. मराठे पळू लागले, खान मागे लागला. पळता पळता त्यांनी त्याला पंचवीस कोस लांब नेले. इकडे छावणी मोकळी. मग सात हजारांची दुसरी तुकडी आली, एक कोट रुपये आणि दोनशे उत्तम घोडे घेऊन गेली आणि जाताना तंबूंना आग लावून गेली. हे आकडे माझ्या पदरचे नाहीत, जदुनाथ सरकारांनी दिलेले आहेत. "राज्याभिषेकाचा खर्च खानाने भरला" असे आमच्याकडची म्हातारी माणसे सांगत आणि वर्ग खदखदून हसे.

रडवणारी गोष्ट त्यानंतर पंधरा वर्षांची. 1 फेब्रुवारी 1689 ला संगमेश्वरी मुकर्रबखानाने संभाजी महाराजांना आणि कवी कलशांना पकडले. बातमी पोचली तेव्हा औरंगजेब अकलूजला होता. तो बहादूरगडावर आला आणि फेब्रुवारीच्या मध्याला कैद्यांना तिथेच त्याच्यापुढे आणण्यात आले. विदूषकाचे कपडे, डोक्यावर घुंगरू लावलेल्या उंच टोप्या, उंटावर बसवून धिंड, सोबत ढोल आणि कर्णे. बघायला ही गर्दी. इथेच महाराजांचे डोळे काढले, कवी कलशांची जीभ कापली, असे सांगतात. 11 मार्चला वढू-तुळापूरच्या परिसरात दोघांना ठार मारले. तेही भीमेच्याच काठी.

हा धडा शिकवताना मी स्वतःला विसरत असे. दरबार, सिंहासन, साखळदंड. बादशहा काय म्हणाला, महाराजांनी काय बाणेदार उत्तर दिले, कवी कलशांनी साखळदंडात उभे राहून कशी कविता रचली, सगळे आवाज काढून सांगत असे. मुलांच्या डोळ्यांत पाणी आले की मला शिकवल्याचे समाधान वाटे.

अशाच एका तासाला मागच्या बाकावरची ही मुलगी उभी राहिली. म्हणाली, "सर, तिथं तर सगळे औरंगजेबाचेच लोक होते. आपलं म्हणावं असे दोघंच, आणि त्यांना तर मारून टाकलं. मग ते काय बोलले, हे आपल्याला कोणी सांगितलं?"

वर्गात शांतता पसरली. मला उत्तर येत नव्हते आणि ते कबूल करण्याचे धाडस नव्हते. मी म्हणालो, "असले फाटे फोडायचे नाहीत. बस खाली." ती बसली. नंतर वर्षभर तिने माझ्या तासाला एकही प्रश्न विचारला नाही.

वाचकहो, माझ्या नोकरीत मी चुका पुष्कळ केल्या. ही त्यातली मोठी. कारण तो फाटा नव्हता. इतिहास शिकणाऱ्याने पहिल्यांदा विचारायचा प्रश्नच तो आहे.

निवृत्तीनंतर वेळ मिळाला तेव्हा मी उत्तर शोधले. धिंडीची हकीकत मोगलांच्याच माणसांनी लिहून ठेवली आहे. साकी मुस्तैदखानाचा 'मआसिर-इ-आलमगिरी' हा ग्रंथ सरकारी कागदपत्रांवरून लिहिलेला, 1710 चा. कवी कलशांच्या कवितेची गोष्ट तर खाफीखानाच्या इतिहासात आहे. बादशहा सिंहासनावरून उतरून अल्लाचे आभार मानायला गुडघे टेकून बसला, ते पाहून कवी कलशांनी तिथल्या तिथे कविता रचली. आशय असा की, राजा, तुझे तेज पाहून औरंगजेबालाही गादीवर बसवेना, तो खाली उतरला. खाफीखान मोगलांच्या चाकरीतला माणूस, मराठ्यांविषयी वाकडेच लिहिणारा. त्यानेही हे औरंगजेबाच्या मृत्यूनंतर वीसेक वर्षांनी आणि 'असे सांगतात' म्हणूनच लिहिले आहे.

हे वाचून मी पुस्तक मिटून बसलो. आपल्या अभिमानाची गोष्ट आपल्या माणसाने नव्हे, शत्रूच्या लेखणीने जपून ठेवली होती! म्हणजे ती त्यांच्या छावणीतही तोंडोतोंडी फिरत असली पाहिजे. मुलीने विचारले होते, तिथे आपले कोण होते? उत्तर हे, की कोणी नव्हते. पण पाहणाऱ्यांपैकी कोणाला तरी ते विसरता आले नाही.

आणि मी आवाज काढून म्हणत असे ते लांबलचक संवाद? तसे संवाद मल्हार रामराव चिटणिसांसारख्यांच्या बखरींतून आपल्याकडे आलेले. ती बखर महाराजांच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिलेली. त्यात मी माझेही दोन-चार घालत असे, हे आज सांगून टाकतो.

मग दंतकथा सगळी खोटी म्हणून फेकून द्यायची का? मला तसे वाटत नाही. काही वर्षांपूर्वी मुलाकडे जर्मनीला गेलो होतो. ऱ्हाईन नदीतून बोटीने जाताना बिंगेन गावाजवळ एका बेटावर 'उंदरांचा बुरूज' दाखवतात. गोष्ट अशी, की हात्तो नावाच्या बिशपने दुष्काळात अन्न मागायला आलेल्या गरिबांना कोठारात कोंडून जाळले. मग हजारो उंदीर त्याच्या मागे लागले, तो या बुरुजात लपला, तरी उंदरांनी पोहत येऊन त्याला खाल्ले. आता हा हात्तो वारला 970 साली आणि बुरूज चौदाव्या शतकाच्या आसपासचा! तिथे जाणाऱ्या जहाजांकडून जकात घेत. जर्मनमधला जकातीचा शब्द आणि उंदराचा शब्द जवळजवळ सारखे, त्यातून हे नाव पडले असावे असे म्हणतात. गोष्टीतली एकही घटना घडलेली नाही. पण उपाशी माणसाला गोदामवाल्याबद्दल काय वाटत होते, ते त्या गोष्टीत तंतोतंत आहे.

आपल्या बाजारातही हेच चालते. रुमालाखाली बोटे काय बोलली ते त्या दोघांनाच ठाऊक. पण भोवतीची माणसे चेहऱ्यावरून ताडतात आणि घरी जाऊन भाव छातीठोक सांगतात. भाव चुकीचा असेल. सौदा झाला हे मात्र खरे असते. आणि जोडी लोकांच्या मनात भरली होती, हेही खरे असते.

किल्ल्याला आता धर्मवीरगड म्हणतात. महाराजांना बांधून ठेवले होते असे सांगतात त्या जागी शौर्यस्तंभ आहे. लोक चपला काढून तिथे उभे राहतात. मीही राहतो. तेव्हा मला कागद लागत नाही. पण वर्गात मात्र कागद लागतो. कारण महाराजांचे मोठेपण माझ्या दोन-चार वाक्यांवर उभे नाही. चाळीस दिवस हाल सोसून तो राजा वाकला नाही, एवढे पुरेसे आहे.

त्या दिवशी बाजारात उभ्या उभ्याच मी तिला हे थोडक्यात सांगितले, आणि "तेव्हा तुला खाली बसवलं, ते माझं चुकलं" असेही म्हणालो. ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "सर, दिवाळीनंतर मुलांची सहल पेडगावला न्यायची आहे. तुम्ही याल?"

मी हो म्हटले आहे. गुडघे साथ देतील तेवढे फिरेन. दोन्ही गोष्टी सांगेन. कुठले लिहिलेले, कुठले सांगोवांगीचे, तेही सांगेन. आणि मग मुलांना म्हणेन, आता विचारा.